बिट-सॉकेट : हाताचे व आघाताचे

मोटारीच्या इंजिनात कित्येक बोल्ट असे असतात की, त्यांच्या डोक्याच्या मध्यभागी षट्कोनी खाच असते. ते फिरविण्यासाठी बिट-सॉकेट वापरतात. त्याच्या एका टोकास चौकोनी छिद्र असते. त्यात रॅचेटचा खुंट बसतो. दुसऱ्या टोकास खाचेत नेमका बसणारा पोलादी बिट असतो. ८ मिलिमीटर आट्यांच्या अशा बोल्टास सामान्यतः ६ मिलिमीटरचा बिट लागतो, १० मिलिमीटरच्या बोल्टास ८ मिलिमीटरचा.

बाजारात ही साधने दोन प्रकारची मिळतात : एक चकचकीत मुलाम्याचे, दुसरे काळसर. हा भेद केवळ रंगाचा नव्हे.

हाताने रॅचेट फिरविताना बिटावर पडणारा पीळ हळूहळू वाढतो. हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालणाऱ्या आघात-पान्याची रीत वेगळी आहे. त्याच्या आत फिरणारा हातोडा खुंटावर एकामागून एक जलद ठोके देतो. प्रत्येक ठोक्यासरशी बिटाला क्षणभर तीव्र पीळ बसतो व तो लगेच ओसरतो.

येथे पोलादाच्या दोन गुणांचा विचार करावयास हवा : कठीणपणा व चिवटपणा. काच कठीण असते, परंतु ठोका सोसत नाही. तांब्याची तार मऊ असते, पण ती वाकते, फुटत नाही. पोलाद तापवून त्याला पाणी दिले म्हणजे ते कठीण होते, पण ठिसूळही बनते. ते पुन्हा बेताने तापविले असता कठीणपणा थोडा घटतो आणि चिवटपणा वाढतो. हाताच्या सॉकेटात कठीणपणास अधिक महत्त्व देतात. ते बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे, पातळ भिंतीचे असते. आघाताचे सॉकेट बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे, जाड व अधिक चिवट असते. त्यावर चकचकीत मुलामा देत नाहीत, कारण ठोक्यांनी त्याचे धारदार पापुद्रे उडण्याचा संभव असतो.

म्हणून हाताचे सॉकेट आघात-पान्यावर कधीही चढवू नये. ते तडकल्यास तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. बिट मोडून खाचेत अडकल्यास बोल्ट काढणे अधिकच अवघड होते. उलटपक्षी, आघाताचे सॉकेट हाताने वापरण्यास हरकत नाही. मात्र जाड भिंतीमुळे ते अरुंद जागी शिरत नाही.

आकाराचाही विचार करावा. एकाच पोलादाच्या व एकाच घडणीच्या बिटांची पीळ सोसण्याची शक्ती जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १० मिलिमीटरचा बिट ५ मिलिमीटरच्या बिटापेक्षा ८ पट पीळ सोसतो. लहान बिट शक्यतो हातानेच फिरवावेत, याचे कारण हेच.

तेव्हा नव्या कारागिराने प्रथम ३/८ इंची खुंटाचा, ४ ते १० मिलिमीटर बिटांचा हाताचा संच घ्यावा. कामाच्या जागी आघात-पाना असेल, तर १/२ इंची खुंटाचे, मोठ्या मापाचे, आघातास योग्य असे मोजके बिट त्यास जोडावेत. वापरण्यापूर्वी खाचेतील माती काढावी, बिट तळापर्यंत सरळ बसवावा व डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. बोल्ट शेवटी आवळताना मात्र आघात-पाना बाजूस ठेवून, पीळ मोजणाऱ्या पान्याने ठरलेल्या मापापर्यंतच तो आवळावा.