पायावरची सूज आणि आतला दाह

घरात हृदयाचा रुग्ण असतो. संध्याकाळी त्याचे पाय सुजतात. मग कोणीतरी औषधाच्या दुकानातून 'सुजेची गोळी' घेऊन येते. आपल्या भाषेत सूज हा एकच शब्द आहे, पण अशा रुग्णाच्या शरीरात दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. त्या आपण नीट समजून घेऊ, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते.

'हार्ट फेल झाले' म्हणजे माणूस गेला, असे आपण समजतो. डॉक्टर मात्र 'हार्ट फेल्युअर' म्हणतात, तेव्हा हृदय बंद पडलेले नसते. त्याची पंपासारखी रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेली असते. रक्त पुरेसे पुढे जात नाही, म्हणून मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत, पोटात आणि फुप्फुसांत साठते. बोटाने दाबल्यावर खळगा पडतो, ती ही पाण्याची सूज.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. जखम झाली की ती जागा लाल आणि गरम होते. शरीराच्या संरक्षक पेशी तिथे जंतूंशी लढत असतात. याला दाह म्हणतात. जखम भरली की तो शमतो. हृदयाच्या जुन्या दुखण्यात मात्र जखम नसतानाही दाह मंद आचेवर धुमसत राहतो. ताणलेला हृदयाचा स्नायूच धोक्याचे संदेश पाठवत राहतो. आतड्याच्या भिंतीतही पाणी साठते, ती सैल पडते आणि जंतूंचे विषारी अंश रक्तात झिरपू शकतात. अशा रुग्णांच्या रक्तात 'टीएनएफ' नावाचे दाह वाढवणारे रसायन जास्त असल्याचे 1990 साली शास्त्रज्ञांनी दाखवले.

या दाहाने भूक मरते, दंड-मांड्यांचे मांस झिजते, थकवा येतो आणि हृदयाचा स्नायूही आणखी दुबळा होतो. अंगात पाणी असल्याने वजन तेवढेच दिसते, पण माणूस आतून वाळत असतो. 'आता वय झाले' म्हणून आपण ते सोडून देतो.

मग दाह दाबणारे औषध का देऊ नये? टीएनएफला रोखणारी महागडी इंजेक्शने डॉक्टरांनी रुग्णांवर तपासून पाहिली. फायदा झाला नाही. त्यातल्या एका औषधाच्या मोठ्या डोसाने तर प्रकृती बिघडली. आपली दुकानातली सुजेची गोळी, म्हणजे डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, हीसुद्धा धोक्याची आहे. ती मूत्रपिंडांवर ताण आणते, मीठ-पाणी आणखी साठवते आणि पायाची सूज वाढवते. गुडघे दुखत असले तरी ती मनाने घेऊ नये. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांतही सोडियम असते. दुखण्यावर कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांनाच विचारावे.

घरी आपण एवढे नक्की करू शकतो:

• रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

• लोणचे, पापड, फरसाण, सुकट, बोंबील यांत मीठ खूप असते. ते टाळावे.

• ताप-खोकला अंगावर काढू नये. फ्लू किंवा न्यूमोनिया झाला की दाह भडकतो आणि सावरलेला रुग्ण पुन्हा दवाखान्यात जातो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

• तंबाखू, मशेरी, बिडी आणि दारू बंद करावी.

• बरे वाटले म्हणून किंवा पैसे संपले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. परवडत नसतील तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. यात लाज कसली?

आडवे झाल्यावर दम लागू लागला, रात्री गुदमरून जाग आली, तर सकाळची वाट पाहू नये. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. तोवर रुग्णाला पाठीला उशा लावून बसते ठेवावे.

पायावरची सूज आपल्याला दिसते, आतला दाह दिसत नाही. दोन्हींचे मूळ थकलेल्या हृदयात आहे. म्हणून उपचार हृदयाचा करायचा, आणि तो रोज, न चुकता करायचा.