भांग, गांजा, चरस : जमाखर्च

'तुळशीत भांग' असे आपण म्हणतो. कानडीत तिलाच 'भंगी' म्हणतात. लिनिअसने १७५३ साली या रोपाला 'कॅनाबिस सटायव्हा' नाव दिले. हिंदुस्थानातील नमुन्यांवरून लामार्कने १७८५ साली 'इंडिका' ही निराळी जात मानली. आज मात्र बुटक्या, रुंद पानांच्या रोपाला व्यापारात इंडिका म्हणतात.

पानांची भांग, मादी फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. इस्रायली शास्त्रज्ञांनी ते १९६४ साली ओळखले.

"ही इंडिका, हिने नुसती झोप लागते," असे सांगून पुडी पुढे करणारा कुणी भेटतोच. पण नावावरून गुण ठरत नाही. टीएचसीचे प्रमाण आणि मात्रा यांवर ठरतो. सुस्ती येते खरी. त्याबरोबर तोंड कोरडे पडते, नाडी जलद चालते, नुकतेच वाचलेले आठवत नाही.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार किलोच्या आतील गांजासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मित्रांनो, आपण वाणिज्य शाखेचे. जमेला एका रात्रीची गुंगी. नावे परीक्षा, नोकरी आणि घरच्यांचा विश्वास. शिल्लक ज्याची त्याने काढावी.