गॅप का पडला?

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांना माणसं निवडून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यातून नोकरीतल्या गॅपबद्दल कळलेलं थोडंफार.

१. गॅपचं कारण सांगायची वेळ बहुतेकांवर येतच नाही. अर्जांचा ढीग पडला की पहिली चाळणी लागते पासआउटच्या वर्षाची. 'फक्त 2025 बॅच' म्हटलं, की 2021चा मुलगा बायोडेटा न उघडताच बाद. जपानमध्ये तर नव्या पदवीधरांची भरती दर वसंतात घाऊक होते. 1993 नंतरच्या मंदीत ज्यांची ती वेळ हुकली, त्यांतले कित्येक चाळिशीपर्यंत कंत्राटीच राहिले. 2019 साली ताकाराझुका शहराच्या पालिकेनं त्या पिढीसाठी तीन जागा काढल्या, अर्ज आले 1,800 हून जास्त! ही चाळणी टाळायची तर आपल्याकडच्या मुलानं नोकरीच्या पोर्टलवर डोकं फोडण्यापेक्षा ओळखीचा सुपरवायझर गाठावा. वशिला म्हणा हवं तर.

२. एमपीएससीचा गॅप वेगळा. बीडकडचा एक मुलगा आला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. "सर, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो." मॅनेजरनं फाइल उघडलीही नाही. "उद्या तलाठ्याची जाहिरात निघाली तर जाशील ना?" पोरगं गप्प. त्याची हुशारी मॅनेजरला पटली होती. धास्ती होती ती शिकवून तयार केलेला माणूस निघून जायची. फॉर्म भरणं थांबवलं असेल तर ते विचारायच्या आधीच सांगून टाकावं.

३. मागची बेकारी माफ होते, चालू बेकारी नाही. स्टीफन एरिक्सन आणि डॅन-ओलॉफ रूथ या अर्थतज्ज्ञांनी स्वीडनमध्ये बनावट अर्ज पाठवून हे तपासलं (अभ्यास 2014चा). पूर्वी बेकार राहून नंतर कामाला लागलेल्यांना मालकांनी मागे सारलं नाही. मात्र कमी-मध्यम कौशल्याच्या जागांसाठी, सध्या नऊ महिन्यांहून जास्त घरी बसलेल्यांना कमी बोलावणी आली. माझ्याकडेही तेच दिसतं. मध्ये वर्षभर कुठंतरी टिकलेल्याला आधीच्या दोन वर्षांबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

४. पण काम कागदावर दिसलं पाहिजे. मामाच्या दुकानात तीन वर्षं राबलात तरी पीएफ नाही, स्लिप नाही, म्हणजे गॅपच. ठेकेदाराकडचं काम का असेना, पीएफचा यूएएन नंबर पडू द्या.

५. खरी मेख पगारात. गॅपवाला अडलेला असतो, त्याला कमी आकडा सांगतात, तो घेतो. पुढची कंपनी विचारते, "शेवटचा पगार किती?" आणि त्यावर थोडे वाढवून देते. गॅप विसरला जातो, हा आकडा मात्र पाठ सोडत नाही. म्हणून मी मालकाला आधी जागेचा पगार बोलायला लावतो, मुलाची जुनी स्लिप नंतर दाखवतो. एखादा ऐकतो, बाकीचे म्हणतात, "स्लिप पाठवा, मग बघू."