कोपीतल्या शेजाऱ्यांसाठी

पालकहो, दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुढचे काही महिने त्यांचा मुक्काम कारखान्याच्या परिसरात, आपल्याच गावाच्या कडेला, कोप्यांत. चार बांबू, वर पाचट नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात दोघं फडात उतरतात आणि तान्हं बाळ बांधावर, थोरल्या बहिणीच्या मांडीवर. निफाडकडे पारा 5 अंशांखाली जातो, तेव्हा त्या बाळाच्या कानावर काही आहे का, हे मुलांना सोबत घेऊन एकदा पाहाच.

त्या बाळासाठी टोपी विणायला आठ-दहा वर्षांच्या मुलाला नुसते सुलट टाके शिकवा. तेवढ्यावर सपाट पट्टी विणून होते. ती दुमडून कड शिवली, वरून दोऱ्याने आवळली की कानटोपी तयार. टाका सुटेल, उसवावं लागेल. उसवू द्या. विकतची टोपी मुलाच्या हातून देववण्यापेक्षा ही वेडीवाकडी टोपी मला मोलाची वाटते, कारण ती विणताना ते बाळ रोज त्याच्या मनात असतं.

टोपीला लांब नाड्या नकोत, तान्ह्याच्या गळ्याला फास बसू शकतो. बाजारातली स्वस्त लोकर बहुधा ॲक्रिलिक असते. ती धुवायला, वाळायला सोपी. पण पेटली तर वितळून कातडीला चिकटते. कोपीत चूल हाताच्या अंतरावर असते, म्हणून लोंबते गोंडे आणि स्वेटरच्या ढगळ बाह्याही टाळा.

विणण्याआधी त्या आईला विचारा, ‘ताई, बाळ केवढं आहे? काय हवंय?’ कदाचित तिला स्वेटरपेक्षा गोधडी हवी असेल. मग आजीला जुन्या सुती लुगड्यांचं गाठोडं सोडायला सांगा. घरातला स्वेटर द्यायचा असेल तर धुवा, तुटलेली बटणं लावा. फोटो काढू नका, पोरांना ओळीत उभं करू नका. तिने चहा पुढे केला तर नाही म्हणू नका, बसून घ्या. तुमचं मूल तिथल्या पोरांत खेळायला रमलं तर रमू द्या.

आणि संक्रांतीची वाट पाहू नका. तोवर अर्धीअधिक थंडी त्या बाळाने सोसलेली असते. लोकर दसऱ्यालाच आणा, कोप्या उभ्या राहिल्या की त्याच आठवड्यात टोप्या पोचवा.