बोअर आणखी खोल घ्यावा का?

प्रश्न : आमचा 200 फुटी बोअर फेब्रुवारीतच गुळण्या टाकतो. आणखी 300 फूट खाली जावं का?
– एक शेतकरी, जि. बीड

उत्तर : घाई करू नका. तुमच्याकडे काळा कातळ. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. खोल जाल तशा भेगा कमी होतात, खर्च मात्र फुटागणिक वाढतो. शिवाय 2009 च्या भूजल कायद्यानुसार 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत; तुम्ही त्या सीमेवरच आहात.

त्यापेक्षा आहे त्या बोअरचं पुनर्भरण करा. केसिंगभोवती दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, खड्ड्यातल्या केसिंगला बारीक भोकं पाडून नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळा. तळाशी मोठे दगड, मग खडी, वर वाळू. शेतातलं गढूळ पाणी थेट सोडलंत तर भेगा बुजतील, आणि त्या पुन्हा मोकळ्या करणं महाकठीण. म्हणून आधी गाळखड्डा हवाच. गोठ्याचं, फवारणीचं पाणी तर जवळपासही नको. त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी घराच्या पत्र्यावरचं. 100 चौरस मीटर पत्रा आणि 600 मिलिमीटर पाऊस म्हणजे 60 हजार लिटर. वाया जाणारं वजा केलं तरी 45-50 हजार हाती लागतं. पहिल्या पावसाचं पाणी तेवढं बाहेर सोडा, आणि वरची वाळू दर मे महिन्यात धुऊन घ्या.