राहायला परवडेल असं घर

पोरी, तीनशे घरांची वसाहत तुझ्याकडे आली याचा फार आनंद झाला. पण अजून प्लॅन काढायला बसू नकोस. संस्थेचा कागद तू पाठवलास, तो मी वाचला. त्यात चौरस फूट आहेत, खर्चाचा आकडा आहे, मुदत आहे. तिथे राहायला येणारी बाई उठल्यापासून निजेपर्यंत घरात काय काय करते, याबद्दल एक ओळ नाही. ती माहिती आधी मिळव.

घर घ्यायला परवडणं वेगळं आणि त्यात राहायला परवडणं वेगळं. घ्यायचं काम अनुदान आणि कर्ज मिळून कसंबसं निभावून जातं. राहणं परवडेल की नाही, हे मात्र बरंचसं तुझ्या ड्रॉइंगवर ठरतं. चावी हातात पडली की विजेचं बिल येतं, लिफ्टचा आणि पंपाचा खर्च येतो, कामावर जायला रिक्षाचे पैसे लागतात. घरी बसून होणारं काम नव्या घरात होईनासं झालं, तर तेवढी मिळकत बुडते. हा मेळ बसला नाही की माणसं घर भाड्याने देतात आणि पुन्हा वस्तीत जातात. लोक त्यांना नावं ठेवतात. मला ते कधीच पटलं नाही. त्यांना ते घर झेपलं नाही आणि तसं ते आपण बांधलेलं होतं.

एकदा सोलापूरला जाऊन ये. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. नरसय्या आडम आणि त्यांच्या युनियनने वर्षानुवर्षं लढून उभी केलेली ही १०,००० घरं २००६ साली बायकांच्या ताब्यात आली. तिथे दारादारांतून हिंड. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. हातावर उजेड पडावा म्हणून ती दाराशी बसते. वाऱ्याने तंबाखूची धूळ बाहेर जावी, चुलीवरचं दूध दिसावं, रांगणारं पोर नजरेत राहावं आणि शेजारणीशी बोलता यावं, हे सगळं तिला त्या एका जागेवरून साधायचं असतं. तिचा कारखाना तोच. अशा बाईला तू बंद दारांच्या पॅसेजमध्ये चौथ्या मजल्यावर नेऊन बसवलंस, तर ती दिवसाही दिवा लावून वळेल आणि तंबाखू पोरांच्या नाकातोंडात जाईल. दाराशी साडेचार फूट खोल, वर छप्पर असलेला ओटा दिलास तर त्याला फारसा खर्च नाही. साडेचार फूट का, तर पाय पसरून, सूप घेऊन बसलेल्या बाईला ओलांडून माणूस आत जाऊ शकला पाहिजे. तीन फुटांची बाल्कनी नकाशात दिसते छान, पण तिथे कपडे वाळत घालण्यापलीकडे काही होत नाही.

तुझ्या वसाहतीत विडी नसेल. शिलाई मशिन असेल, पापड असतील, डबे असतील, कुणाची भाजीची हातगाडी असेल. हातगाडी रात्री कुठे उभी राहते, हे विचार. सकाळी, भर दुपारी आणि रात्री जेवणं झाल्यावर, अशा तिन्ही वेळांना त्यांच्या सध्याच्या घरी जा. वहीत खोलीचा चौकोन काढ आणि सिलिंडर कुठे, पाण्याचा पिंप कुठे, गाद्यांचा ढीग कुठे, देव कुठे, सायकल कुठे, हे टिपून घे. मे महिन्यात कोण कुठे झोपतं, तेही विचार. पुरुष बोलायला लागले की बायका गप्प बसतात, म्हणून बायकांची बैठक वेगळी घे. मोरी कुठे हवी हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आता उजेड आणि हवा. इथे मी तुला थोडं थांबवणार आहे, कारण पैसे वाचवायची पहिली कुऱ्हाड इथेच पडते. मुंबईत गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड ही पुनर्वसनाची ठिकाणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. २२५ चौरस फुटांची घरं, बहुमजली इमारती आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट. खालच्या मजल्यांवर दिवसा अंधार असतो. वरून कचरा पडतो म्हणून लोक आहेत त्या खिडक्याही लावून घेतात. डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी तिथे केलेल्या पाहणीत अंधारी, कोंदट घरं आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला आपल्या इमारतीने आजारी पाडावं, याहून मोठा अपराध आपल्या धंद्यात नाही. त्या इमारतींचे नकाशे रीतसर मंजूर झालेले होते, हे विसरू नकोस. मंजुरी मिळाली म्हणजे आपलं काम झालं असं नाही.

दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, ते सूर्याला विचार. २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो, तुझ्या नागपूरच्या बाजूला ४५ अंशांवर. म्हणजे तुझ्याकडे त्या दिवशी इमारतीची सावली उत्तरेला बरोबर तिच्या उंचीएवढी पडते. तळमजला अधिक दोन मजले, नऊ मीटर उंची धरली, तर नऊ मीटर अंतर ठेव; तळमजल्याच्या म्हातारीला थंडीत ऊन मिळेल. सात मजले चढवलेस तर तेवढं अंतर तुला कुणी ठेवू देणार नाही. म्हणून तीन मजल्यांच्या वर जाऊ नको असं मी म्हणते. लिफ्ट लागत नाही, महिन्याचा खर्च उतरतो, जिन्यावरून हाक मारली तर अंगणातल्या पोराला ऐकू जाते. विकासक म्हणेल की घरं बसणार नाहीत. त्याला बेलापूरचं उदाहरण दे: चार्ल्स कोरियांनी तिथे एक-दोन मजली घरांतच हेक्टरी शंभराच्या आसपास कुटुंबं बसवली.

ओळी पूर्व-पश्चिम लांब ठेव, म्हणजे लांब भिंती दक्षिणेला आणि उत्तरेला येतात. उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन डोक्यावर असतं, ते दक्षिणेच्या दोन फुटी छज्ज्याने अडतं. पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र कुठलाच छज्जा अडवत नाही, म्हणून त्या टोकाला जिना आणि संडास घाल. खिडकी मोजताना इको-निवास संहिता २०१८ उघडून बस. तुझ्या हवामानात उघडणारी जागा घराच्या चटई क्षेत्राच्या किमान आठव्या हिश्श्याइतकी लागते, कोकणात सहाव्या. बघ, ‘उघडणारी’ असं म्हटलंय. स्लायडिंगची खिडकी अर्धीच उघडते, म्हणून ती अर्धीच मोज. बिजागरीची लाव, जमलं तर वर झडपा दे. समोरासमोर दोन खिडक्या नसतील तर वारा आत येतो पण जाणार कुठे? एकाच भिंतीला उघडणारं घर मी माझ्या ऑफिसातून कधी बाहेर जाऊ दिलं नाही, आणि त्यापायी एकदोन कामं सोडली.

विदर्भात आणखी एक. कूलर येणारच. तू जागा ठेवली नाहीस तर लोक खिडकीच्या ग्रीलवर लोखंडी घोडी ठोकतील, पाणी भिंतीत मुरेल आणि दोन वर्षांत सळया गंजतील. खिडकीबाहेर त्यासाठी कट्टा दे, त्याला पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची वाट दे. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक घाल. तेवढे पैसे नसतील तर दर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचा हात मारायचं संस्थेच्या ठरावात लिहून घे. वरच्या मजल्याच्या माणसाला त्याचं मोल विचारून बघ.

घर वाढतं, हेही मनाशी धर. पोरं मोठी होतात, सून येते. कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये प्रत्येक घराच्या भिंती शेजाऱ्यापासून मोकळ्या ठेवल्या, त्या यासाठीच. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. आज तिथली बरीच घरं पाडून लोकांनी मोठी बांधली आहेत. काही जण हळहळतात. मला त्यात कोरियांचा विचार टिकलेला दिसतो, कारण घरं बदलली तरी त्यांच्यामधले चौक राहिले. बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत आणखी पुढची पायरी घेतली: सुमारे ६,५०० प्लॉट, आणि अगदी गरिबाला जोतं, पाणी आणि संडास तयार. बाकीचं त्याने त्याच्या कुवतीप्रमाणे चढवत जायचं. नमुना म्हणून ८० घरं मात्र बांधून दाखवली. हे जे पक्कं, महाग आणि चुकलं तर दुरुस्त न होणारं असतं, म्हणजे पाया, पाइप, जिना, ते तू कर. विटांची आडभिंत माणूस स्वतः घालू शकतो. पुढे कुठे वाढवायचं, कुठली भिंत तोडायची नाही, हे प्रत्येकाच्या हातात चित्र काढून दे, मराठीत.

माणसांना हलवायची वेळ आली तर दहादा विचार कर. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांत २००९ नंतर प्रसन्न देसाईंनी महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांबरोबर केलेलं काम मी तरुण मुलांना नेहमी दाखवते. पक्की घरं तशीच ठेवली, कच्ची होती त्या जागीच २७० चौरस फुटांची नवी बांधली आणि प्रत्येक कुटुंबाने आपला १० टक्के वाटा घातला. वाकड्यातिकड्या गल्लीत एकेका घराचा नकाशा वेगळा करावा लागला. त्रास फार, पण शेजार तोच राहिला. याच्या उलट किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर जी गावं दुसरीकडे वसवली, तिथे जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं सरळ रेषेत मांडली. रस्ते रुंद, मधली अंतरं मोठी. जुन्या गल्लीत हाकेच्या अंतरावर असलेली माणसं दूरदूर गेली. उन्हात तेवढं चालत बायका एकमेकींकडे कशाला जातील?

चौकाचं माप सांगते, ते पाठ कर. बेलापूरला सात घरांमध्ये ८ मीटर बाय ८ मीटरचा एक चौक आहे. असे तीन गट मिळून एकवीस घरांना १२ मीटर बाय १२ मीटरचा दुसरा. सात घरांचा चौक त्या सात बायका झाडतात. तीनशे घरांना मिळून एकच मोठं मैदान ठेवलंस तर ते कुणाचंच होणार नाही, आणि संध्याकाळी तिथे मुली खेळणार नाहीत. नळ, कचऱ्याची जागा आणि अंगणवाडी चौकाच्या नजरेत ठेव. प्रत्येक स्वयंपाकघराची एक खिडकी चौकाकडे उघडू दे.

सामानाचं बोलायचं तर लॉरी बेकर वाच. त्यांनी तिरुवनंतपुरममध्ये वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की स्वस्त घर देखणं असू शकतं. विटा कडेवर उभ्या करून मध्ये पोकळी ठेवायची, त्याला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. नऊ इंची भिंतीत जवळजवळ पाव विटा वाचतात, मसाला वाचतो आणि पोकळीतल्या हवेमुळे आत गारवा राहतो. भूकंपासाठी कोपऱ्यात आणि दारांच्या बाजूंना त्याच पोकळीत सळी घालून काँक्रीट भर. स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण सळई घेते, काँक्रीट तिथे नुसतं वजन वाढवतं. म्हणून मध्ये मंगलोरी कौलं बसवून फिलर स्लॅब टाक. सिमेंट आणि वजन दोन्ही कमी होतं. चंद्रपूर, कोराडीच्या वीज केंद्रांची राख तुझ्या दाराशी आहे, तर राखेच्या विटा वापर. कोकणात असतीस तर जांभा घे म्हटलं असतं.

स्थानिक म्हणून डोळे झाकून काही घेऊ नकोस मात्र. किल्लारीला जी माणसं गेली, ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि दरवर्षी माती चढवून जड झालेल्या धाब्यांखाली गेली. भिंतीच्या दोन अंगांना बांधणारे आरपार दगड नव्हते. दगड वाईट नव्हता, बांधणी वाईट होती. गवंड्याला आधी नमुन्याची एक भिंत घालायला लाव, त्याची मजुरी दे, ओळंबा लावून दोघे मिळून बघा. नवी पद्धत त्याला जमली नाही तर ती साइटवर टिकत नाही, कागदावर कितीही वाचत असो.

पाइप भिंतीत गाडू नकोस. दोन घरांच्या मोऱ्या पाठीला पाठ लावून ठेव, पाइप बाहेरून ने आणि प्लंबर उभा राहील एवढी, किमान अडीच-तीन फुटांची, वर उघडी वाट ठेव. दीड फुटाच्या डक्टमध्ये माणूस शिरत नाही. तिथलं गळकं पाणी खालच्या घरात दहा वर्षं उतरत राहतं.

कागदपत्रांवर बाईचं नाव आधी असू दे, हे संस्थेच्या बैठकीत तू स्वतः मांड. तुझा तो विषय नाही असं कुणी म्हणालं तरी मांड.

काम पुरं झाल्यावर, दोन पावसाळे गेले की परत जा. लोकांनी काय बदललं ते बघ: ग्रील किती इंच पुढे काढलं, ओट्यावर पत्रा कुणी टाकला, कुठली खिडकी कायमची लावून घेतली, ओल कुठे आली. टेप घेऊन माप घे आणि ते मूळ ड्रॉइंगवर लाल शाईने काढ. मग ती लाल ड्रॉइंगं मला पाठव, आपण पुढच्या कामाआधी बसून बघू.