कंपवात आणि आतड्यांतील जिवाणू

कंपवात अर्थात पार्किन्सन हा मेंदूचा विकार म्हणून परिचित आहे. मात्र हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी अनेक रुग्णांस बद्धकोष्ठतेचा त्रास सुरू झालेला असतो. घरोघरी ‘वयोमानाप्रमाणे व्हायचेच’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. म्हणूनच या अहवालासाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या ६,७९० पुरुषांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. रोज एकदा शौचास होणाऱ्यांच्या तुलनेत, रोज न होणाऱ्यांत कंपवाताचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला. अर्थात, बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकास कंपवात होतो, असे मुळीच नाही.

२०१५ साली फिनलंडमधील रुग्णांच्या आतड्यांत ‘प्रिव्होटेला’ गटातील जिवाणू बरेच कमी आढळले. पुढील वर्षी अमेरिकेत कंपवातसदृश विकार असलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. जिवाणूविरहित वाढविलेल्या उंदरांत लक्षणे सौम्य राहिली. रुग्णांच्या आतड्यांतील जिवाणू सोडताच ती बळावली. आतडी व मेंदू यांस जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्गे काही रुग्णांत विकाराचा प्रवास होत असावा, असे अनुमान आहे. ते अद्याप पूर्णतः सिद्ध झालेले नाही.

या जिवाणूंचे पोषण आपल्या आहारावर अवलंबून असते. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, उसळी, पालेभाज्या व फळे यांतील चोथ्यापासून ते आतड्यांच्या अस्तरास उपयुक्त आम्ले तयार करतात. चोथा घटला की हे कार्य मंदावते. परिसराचाही संबंध आहे. रोटेनोन व पॅराक्वाट ही द्रव्ये हाताळणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट असल्याचे अमेरिकेतील २०११ च्या अभ्यासात दिसले. शेतकरी बांधवांनी फवारणी करताना हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरणे अगत्याचे आहे.

आतड्यांतील काही जिवाणू लेव्होडोपा हे औषध मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच विघटित करतात, हे २०१९ साली दाखविण्यात आले. तथापि रुग्णांनी औषध स्वतःहून बंद करू नये वा मात्रा बदलू नये. जिवाणूयुक्त महागड्या पुड्यांनी कंपवात बरा होतो, या जाहिरातींवरही विसंबू नये. चोथायुक्त आहार, पुरेसे पाणी व नियमित चालणे यांचा खर्च अल्प व लाभ निश्चित आहे.

घरातील ज्येष्ठांच्या पोटाच्या तक्रारी संकोच न करता डॉक्टरांच्या कानी घालाव्यात, अशी आमची सर्वांना नम्र विनंती आहे.